पाच कडव्यांचं ठिगळ

लाल गाडी जिंकली, कुंपणाकाठची सगळी माणसं टाळ्या वाजवत उठली, आणि आत्याचे हात मात्र टाळी वाजवता वाजवता अर्ध्यात थांबले.

गाडी सरळ गेली नव्हती. निम्म्या वाटेपर्यंत ती सुतात होती. मग डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईच्या पायात काटा रुतावा आणि तिने न बोलता कलावं, तशी ती किंचित डावीकडे कलली. चालवणारीने सावरली, म्हणून निभावली. बाकीच्यांनी जिंकलेली गाडी पाहिली. आत्याने मागचं डावं चाक पाहिलं.

तिने आयुष्यभर दुसरं पाहिलं काय होतं? नाक्यावरच्या तिच्या पंक्चरच्या दुकानात सायकलीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांचे पाय दुखायला लागले की यायचे. चाळीस वर्षं ती ते मांडीवर घेऊन बसली होती. येणारा जाणारा प्रत्येक जण तिला आत्या म्हणायचा. अशी भाचरं मोजावीत तर गणती नव्हती, पण सख्खी भाची एकच, आणि ती आता लाल गाडीतून उतरून, शिरस्त्राण काखेत मारून, घामेजल्या तोंडाने हसत होती. पाळण्यात असल्यापासून तिचे पाय ठरत नसत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

ड्रॅगची शर्यत म्हणजे मोठी सोपी गोष्ट. दोन गाड्या, शेजारी शेजारी दोन पट्ट्या, चारशे मीटर. वळण नाही, चढ नाही, नशिबाला शिव्या द्यायला सवड नाही. खांबावरचे दिवे वरून खाली उतरत येतात, हिरवा लागतो, आणि बघणाऱ्याला शिंक आली तर त्याची शर्यत चुकते. पाच वर्षं भिंगरी या दिव्यांसमोर उभी राहत होती आणि पाचही वर्षं शेवटच्या फेरीच्या उंबरठ्यावरून परत फिरली होती. आज पहिल्यांदा उंबरठा ओलांडला होता. अंतिम फेरीला एक तास होता.

आत्याने स्कूटरच्या पोटातून आपली पिशवी काढली, ती खांद्याला अडकवली आणि गाड्यांच्या तळाकडे चालू लागली.

तिथे तिचा धाकटा भाऊ, म्हणजे भिंगरीचा बाप, चाकाशी उकिडवा बसला होता. लहानपणी दुकानात तो हवेच्या मापावरची नजर काढत नसे. जेवायला हाक मारली तरी काट्याकडे बघतच यायचा आणि दाराला थडकायचा. तेव्हापासून तो काट्या. आता केस पिकले होते, शहाण्या माणसांत त्याची इंजिनं नावाजली जात होती, तरी बहिणीच्या तोंडी काट्याच. आत्ताही तो मापाच्या काट्याकडेच बघत होता, आणि चेहरा असा झाला होता की काटा त्याच्याच अंगात शिरलाय.

"किती?" आत्याने विचारलं.

"साडेदहा."

"सकाळी?"

"बारा भरले होते. मोजून. दोनदा." मग त्याला आठवलं की आपण कोणाशी बोलतोय. "ताई, तू सावलीत बस की. इथे ऊन आहे."

"ऊन मला ओळखतं."

"तसं नाही. हे वेगळं असतं. हे सायकलीचं चाक नाही."

हे वाक्य आत्याने गेल्या वीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की ते आता जुन्या चपलेसारखं झालं होतं, चावत नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली आणि टायरवर तळहात ठेवला.

टायर खरंच वेगळा होता. त्याच्या अंगावर नक्षी नव्हती, खाच नव्हती, बाळाच्या गालासारखा गुळगुळीत आणि तेवढाच मऊ. साध्या गाडीच्या चाकात तीस पौंड हवा असते, याच्या पोटात फक्त बारा. मुद्दाम कमी, म्हणजे निघताना तो जमिनीला मिठी मारतो आणि मग सोडतो. पण बारा म्हणजे बारा. दोन्ही चाकांना सारखं. एका चाकात पौंडभर कमी झाली की गाडी कलते, आणि त्या वेगात कलणं म्हणजे थट्टा नव्हे. पट्टीच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या भिंती होत्या.

"दुसरा टायर?"

"आहे, पण जुन्या जोडीतला. घेराने दोन बोटं कमी. तो लावला तर पहिल्या फुटापासूनच वाकडी पळेल."

काट्याने बारा भरले. घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी काटा साडेअकराच्याही खाली आला. मग त्याने गाडी उचलून चाक काढलं, आडवं पाडलं आणि साबणाचं पाणी ओतलं. एका अंगाने, उलटं करून दुसऱ्या अंगाने. टायरच्या दोन्ही कुशींवर मोहरीएवढे बुडबुडे उठले. एक नाही, दोन नाही, सगळ्या अंगभर, जसा पहाटे गवतावर दहिवर.

काट्या मागे सरला. हातातला स्पंज त्याने बादलीत सोडला.

"गेला," तो म्हणाला. "सगळी कूसच झिरपतेय. याला कुठे कुठे शिवणार?"

"बाबा, भरू आणि पळू," भिंगरी म्हणाली. "आठ सेकंदांचं तर काम आहे. आठ सेकंदांत कितीशी जाईल?"

"मघाशी किती गेली? कलली ना गाडी?"

"सावरली ना मी?"

"आज सावरलीस. मी भोंगेवाल्याकडे जाऊन सांगतो, आमची गाडी येत नाही." तो उठला. गुडघे वाजले. "गळक्या चाकावर मी माझी पोर भिंतींच्या मधे सोडणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

भिंगरीने शिरस्त्राण गाडीच्या टपावर ठेवलं आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. पुढचं वर्ष हा शब्द तिने पाच वेळा ऐकला होता. रडली असती तर बरं, असं आत्याला वाटलं. ही नुसती भिंगरी फिरायची थांबली होती, आणि थांबलेली भिंगरी बघवत नाही.

"काट्या," आत्या म्हणाली, "उजव्या चाकाला पाणी लाव."

"ते बरं आहे. बारा आहेत त्यात."

"म्हणूनच लाव."

त्याने लावलं, वाद घालायला जीव नव्हता म्हणून. उजव्या चाकाच्या कुशीवरही तसेच मोहरीएवढे बुडबुडे उठले. अंगभर. सावकाश.

"हा घाम आहे," आत्या म्हणाली. "पातळ कातडी आहे, घाम येणारच. घामाने माणूस मरत नाही. जखम दुसरीकडे आहे."

"सगळीकडे पाणी ओतलं ताई. जखम असती तर भसाभसा फेस आला असता."

"चाक आडवं पाडून ओतलंस. आडव्या माणसाला विचारलंस पाय कुठे दुखतो, तर तो म्हणणार, कुठेच नाही. उभं राहायला सांग, मग कळेल. चाक परत चढव. गाडी खाली घे. आणि भिंगे, तू आत बस. तुझं वजन पाहिजे."

"ताई, चाळीस मिनिटं उरलीत."

"मग उभा का?"

ती ज्या आवाजात हे म्हणाली तो आवाज काट्याने लहानपणी ऐकला होता. त्याने चाक उचललं.

एवढ्यात शेजारच्या निळ्या गाडीचा माणूस आला. अंतिम फेरीत भिंगरीसमोर हाच उभा राहणार होता. पेशाने दातांचा डॉक्टर, अंगाने सुकडा, आणि पट्टीवर मात्र वादळ. गेल्या वर्षीचा विजेताही हाच.

"काही मदत लागली तर सांगा," तो म्हणाला. "समोर कोणी नसताना पळून जिंकायला मला आवडत नाही. आरशासमोर नाचल्यासारखं वाटतं."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. "डॉक्टर, तोंडात घालायचा तो तुमचा लांब दांडीचा आरसा, तो जवळ आहे?"

"इंजिनाच्या कोपऱ्यांत बघायला ठेवतो एक. का?"

"द्या. माझा रोगी आ करत नाहीये."

गाडी खाली टेकली. भिंगरी आत बसली, पट्टे आवळले. काट्याने पुढच्या चाकांना लाकडाची ठोकळी लावली. आत्याने पुठ्ठा अंथरला, पदर कमरेला खोचला आणि साठीला टेकलेलं अंग गाडीच्या मागून चाकाच्या आतल्या बाजूला सरकवलं.

"सावलीत बस म्हणत होतास ना," गाडीखालून आवाज आला. "सापडली सावली."

भिंगरी आत हसली. काट्या हसला नाही, पण त्याचे खांदे थोडे खाली आले.

चाकाच्या दोन्ही अंगांना, जिथे टायरचा काठ लोखंडी रिमवर बसतो, तिथे वर्तुळात बारा बारा आखूड स्क्रू होते. गाडी सुटताना जोर एवढा असतो की रिम टायरच्या आतल्या आत घसरते. घसरू नये म्हणून काठ असा टाचून ठेवतात. स्क्रूने काठाच्या जाड रबरात जेमतेम शिरायचं, पलीकडे हवेच्या पोटात डोकवायचं नाही, ही मर्यादा.

आत्याने खालचा ओठ जिभेने ओला केला. लोक पाण्यात बघतात, ती ओठाने बघायची. बोटं कामाने जाड होतात, डोळे वयाने, ओठ मात्र शेवटपर्यंत कोवळा राहतो. हे तिला तिच्या बापाने शिकवलं होतं. जमिनीला टेकलेल्या भागाजवळ, जिथे टायर वजनाने चेपला होता, तिथे तिने तोंड नेलं आणि श्वास धरला.

काही नाही.

"एक वीत पुढे ढकल."

काट्याने ठोकळी काढली, गाडी रेटली, ठोकळी लावली. ओठ ओला. काही नाही. पुन्हा एक वीत. तळावरच्या बाकीच्या गाड्यांवाले आता जमू लागले होते. भोंग्यातून दुसऱ्याच कुठल्या गटाची नावं पुकारली जात होती. पुन्हा एक वीत.

आणि तिच्या ओठावर कोणीतरी फुंकर घातली. इतकी हलकी, की झोपलेल्या बाळाच्या नाकाशी कान न्यावा आणि आहे म्हणावं.

"थांब," ती म्हणाली. "सापडलं."

तिने आरसा आत घातला. डॉक्टरने वाकून विजेरी धरली. इवल्याशा आरशात काठावरचे स्क्रू एकेक करत दिसले. सहाकोनी डोकं, सहाकोनी डोकं, सहाकोनी डोकं. आणि मग एक चपटं, वर फुलीची खाच असलेलं, कडेला गंजाचा अर्धचंद्र.

आत्याने आरसा पुन्हा त्याच डोक्यावर नेला.

तिला तो स्क्रू ओळखू आला होता.

दुकानात फळीवर पत्र्याचा एक डबा होता. चाकांतून निघालेला प्रत्येक खिळा, स्क्रू, काच, तारेचा तुकडा त्या डब्यात जायचा. बापाचा नेम होता तो: जे एकदा टोचलं ते पुन्हा रस्त्यावर जाता कामा नये. डब्यात आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. आणि आत्याला त्यातला एकेक माहीत होता, जसे शाळेतल्या बाईंना वर्गातले द्वाड. हा फुलीचा, गंजाच्या चंद्राचा, दुधाच्या टेंपोचा होता. उन्हाळ्यात निघाला होता.

ती बाहेर सरकली. कोपर खरचटलं होतं.

"काट्या, चोवीस स्क्रू होते ना एका चाकाला?"

"चोवीस."

"सगळे एका पाकिटातले?"

काट्या मापाच्या काट्याकडे बघू लागला.

"एक गटारात पडला," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "तीन आठवड्यांपूर्वी, तुझ्याच दुकानात टायर चढवत होतो तेव्हा. तू घरी जेवायला गेली होतीस. एकासाठी कुठे बाजारात जाऊ म्हणून… डब्यातून घेतला. मापाचा वाटला. दोन सूत, पाव इंचभर, लांब असेल."

"विचारायचं होतंस."

"लाज वाटली."

इंजिनाच्या पोटातला केसाएवढा फरक ओळखणारा माणूस. डब्यात हात घातला तर ताई काय म्हणेल, या भीतीने घाईत घातला, आणि मोजायचा राहिला. लहानपणीही असाच होता. गूळ चोरायचा आणि डब्याचं झाकण उलटं लावायचा.

दोन सूत. सुरुवातीला नुसतं टोक रबराला आतून टेकलं असेल. मग गाडी प्रत्येक वेळी सुटली, काठ प्रत्येक वेळी ताणला, आणि स्क्रूने आपला जुना धंदा पुन्हा सुरू केला. वजन आलं की रबर सरकायचं, फट उघडायची. चाक आडवं पाडलं की फट मिटायची, साबणाच्या पाण्यासमोर साळसूद.

आत्या एवढंच म्हणाली, "चाक काढ. हवा सोड. आतल्या अंगाचे बाराही स्क्रू खोल."

तीस मिनिटं होती.

काट्याचे हात मग असे चालले की बघणारे बाजूला झाले. आत्याने पिशवीतून टायर उचकटायच्या दोन पट्ट्या काढल्या, त्यांना साबण लावला आणि मऊ काठ रिमवरून असा उतरवला, जसा झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून शाल काढावी. आत बोट फिरवलं. भोक सापडलं, तांदळाच्या कणीएवढं.

"रबराची दोरी ओवतेस?" काट्याने विचारलं.

"दोरीने भोक आणखी मोठं होईल. आतून ठिगळ लावू."

"ताई, काठाजवळ आहे. जाड ठिगळ लावलं तर काठ रिमवर बसणारच नाही. हवा सगळीकडून जाईल."

"पातळ लावू."

"एवढं पातळ कुठून आणणार? टायरचं कुठलंही ठिगळ…"

तो थांबला. आत्याने पिशवीतून चपटी डबी काढली होती. आतमध्ये, कागदावर ओळीने, नखाएवढी गोल, कागदासारखी पातळ ठिगळं.

"सायकलीचं," ती म्हणाली.

जमलेल्यांपैकी कोणी तरी खोकलं. काट्याने मान खाली घातली आणि मग, वीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्याच वाक्यावर हसला.

"दे टोमणा. मार एकदाचा."

"वेळ नाही. जिंकल्यावर मारते."

तिने भोकाभोवतीची जागा कानशीने हलकेच घासली, फुंकली, पुसली. बोटाच्या टोकावर सोल्युशन घेतलं, पातळ पसरलं. आणि मांडी घालून बसली.

"झालं? लावा की," डॉक्टर म्हणाला. आपण प्रतिस्पर्धी आहोत याचा त्याला पार विसर पडला होता.

"ओल्यावर लावलं तर पहिल्या धक्क्याला निघेल. दाताला चांदी भरता तेव्हा काय करता?"

"वाट बघतो."

"मग बघा."

सोल्युशन किती वाळू द्यायचं हे दुकानात घड्याळ लावून कधी ठरलं नाही. दोन उनाड पोरं बापाजवळ बसायची, सारखी विचारायची, वाळलं का, लावू का. त्यांना गप्प करायला बापाने एक गाणं रचून दिलं होतं. पाच कडव्यांचं. गाणं संपलं की ठिगळ लावायचं, आधी नाही. आत्या चाळीस वर्षं ते मनात म्हणत होती. आज, का कोण जाणे, ओठांवर आलं. ओठ अजून ओलाच होता.

*पहिल्या फुंकरीनं धूळ उडवावी,*
*जखमेची जागा आरसा करावी.*

*दुसऱ्या बोटानं सोल्युशन पसरावं,*
*घाई असेल त्यानं चालत निघावं.*

भोंगा खरखरला. "अंतिम फेरी. लाल गाडी, निळी गाडी. पहिली हाक." तीन हाका व्हायच्या. तिसरीनंतर पाच मिनिटांत जो पट्टीवर नसेल तो बाद.

"ताई," काट्या म्हणाला.

*तिसऱ्या घडीला वाऱ्याला बोलवावं,*
*ओल्यावर ठिगळ कधी न लावावं.*

"ताई, वाळलं असेल."

तिने त्याच्या हातावर चापट मारली, तो सात वर्षांचा असताना मारायची तशीच. भिंगरी गाडीला टेकून उभी होती, आणि तिचा एक पाय जमिनीवर ताल धरत होता. थांबलेली भिंगरी पुन्हा हलू लागली होती.

*चौथ्याला बोट पाठमोरं टेकवावं,*
*चिकटून सुटेल तेव्हा ओळखावं.*

आत्याने बोटाची पाठ टेकवली. किंचित ओढलं, सुटलं. "दुसरी हाक," भोंगा म्हणाला. डॉक्टर आपल्या गाडीकडे पळाला, आरसा तसाच सोडून. पाचवं कडवं म्हणायला आत्याने तोंड उघडलं, पण ते तिच्या आधी दुसऱ्याच कोणी सुरू केलं. भसाड्या, गंजलेल्या, सूर हरवलेल्या आवाजात.

*पाचव्याला ठिगळ, अंगठ्याचा भार,*
*जा रे जा चाका, डोंगराच्या पार.*

काट्याला एकही शब्द चुकला नाही.

आत्याने ठिगळ ठेवलं आणि अंगठा दाबला. त्या अंगठ्यावर काट्याने आपला अंगठा ठेवला. दोघांचा भार. मग काठ रिमवर, हवेची नळी व्हॉल्ववर, आणि टायर फुगला. काठ एकदा बसला, टप. दुसऱ्या अंगाने बसला, टप. असा गोड आवाज आत्याने फार दिवसांत ऐकला नव्हता.

"अकरा स्क्रू परत लाव," ती म्हणाली. "बारावं भोक रिकामं राहू दे. तेवीस पुष्कळ झाले."

चाक चढलं. गाडी टेकली. भिंगरी आत बसली. काट्याने बारा भरले आणि आत्या पुन्हा पुठ्ठ्यावर आडवी झाली. ओठ ओला केला, रिकाम्या भोकाशी नेला, श्वास धरला. वरून काट्या बघत होता, मापाकडे नाही, बहिणीच्या पायांकडे.

"गप्प आहे," ती म्हणाली. "न्या."

"तिसरी हाक," भोंगा म्हणाला, आणि लाल गाडी ढकलायला सात-आठ माणसं धावली. त्यांतली निम्मी सकाळी तिच्याविरुद्ध पळालेली होती.

पट्टीच्या तोंडाशी भिंगरीने चाकं पाण्यात जागच्या जागी फिरवून तापवली. पांढरा धूर उठला. निळी गाडी शेजारी येऊन थांबली, आणि डॉक्टरने काचेतून दोन बोटं कपाळाला लावली. आत्या कुंपणाच्या आतल्या बाजूला उभी होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काट्याने मुठीत हवेचं माप धरलं होतं, जसं कोणी पोराचं बोट धरतं.

दिवे उतरले. पिवळा, पिवळा, पिवळा.

हिरवा.

आत्याने गाडी पाहिली नाही. डावं चाक पाहिलं. ते जमिनीला चेपलं, कुशीला सुरकुत्या पडल्या, सगळं रबर आवळलं, त्याच काठावर, त्याच नखाएवढ्या ठिगळावर, आणि मग सुटलं. पहिल्या शंभर मीटरला निळी गाडी बोटभर पुढे होती. निम्म्या वाटेला दोघी सारख्या. मघा इथेच कलली होती. आत्याचा श्वास गाडीखाली धरला होता तसाच धरलेला होता.

कलली नाही. सुताने रेघ मारावी तशी लाल गाडी सरळ गेली, आणि सरळ जाणाऱ्याला वाट स्वतःहून पुढे ढकलते. टोकाच्या खांबावर लाल बाजूचा दिवा लागला. फरक एवढा थोडा होता की भोंगेवाल्याला आकडा दोनदा वाचावा लागला. पण दिवा लाल बाजूचा होता.

काट्या ओरडला नाही. तो पट्टीच्या कडेने पळत सुटला, पिकल्या केसांचा, दुखऱ्या गुडघ्यांचा, थेट त्या टोकापर्यंत. भिंगरी गाडीतून उतरून हात पसरून उभी होती. तो तिच्याजवळून गेला, चाकाशी उकिडवा बसला आणि माप लावलं.

"बाबा, मी जिंकले," भिंगरी म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. काटा स्थिर झाला. "बारा. वर थोडी गरम हवा." आणि मग त्याने तिला अशी मिठी मारली की तिचे पाय जमिनीवरून सुटले.

आत्या आपल्या चालीने तिथे पोचेपर्यंत बरीच गर्दी झाली होती. भिंगरीने करंडक तिच्या हातात दिला. तो तिने आधी झटकून, आत कुठे गळतं का बघितलं, आणि मग काखेत धरला. काट्याने खिशातून तो फुलीच्या खाचेचा, गंजाच्या चंद्राचा स्क्रू काढला.

"दुकानात आलो की डब्यात टाकतो," तो म्हणाला. "मीच टाकतो."

"झाकण सरळ लाव."

"टोमणा राहिला तुझा. जिंकल्यावर मारणार होतीस."

आत्याने विचार केल्यासारखं केलं. "राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

भिंगरी एवढ्या मोठ्याने हसली की भोंगेवाल्याने वळून पाहिलं.

तळावर परत आल्यावर बघतात तर पुठ्ठ्यापाशी डॉक्टर उभा. हरलेल्या माणसाच्या मानाने चेहरा बराच तरतरीत. शेजारी त्याने आपलं उजवं चाक आणून ठेवलं होतं, आणि त्याच्या मागे आणखी दोन गाड्यांवाले, आपापली चाकं घेऊन.

"आरसा न्यायला आलो होतो," तो म्हणाला. "आणि याला आठवडाभर बुडबुडे येतायत. घाम आहे की जखम, बघता का आत्या?"

आत्या उत्तर देणार, तोच काट्याने तिची पिशवी उचलून सावलीत ठेवली, पुठ्ठा झटकून अंथरला आणि लोकांकडे वळला.

"रांगेत या," तो म्हणाला. "आणि चाकं आडवी पाडू नका. उभी धरा."

आत्याने पदर खोचला आणि खालचा ओठ ओला केला.